मेन रेडर बदलला की चढाईचं काय होतं?

गेल्या हिवाळ्यात काळेवाडीतल्या एका मंडळाच्या कबड्डी स्पर्धेत पाहिलेला सामना. भाड्याने आणलेली मॅट, चार कोपऱ्यांत दिव्यांचे खांब, आणि मागच्या बाजूला वडापावच्या गाडीपाशी दाटलेली गर्दी. एका संघाचा मेन रेडर सुरुवातीला नव्हताच. चाकणला पहिली पाळी, वर ओव्हरटाइम, आणि कंपनीची बस नाशिक फाट्याच्या आसपास अडकलेली. त्याच्या जागी एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा चढाया करत होता. बोनस घ्यायचा, एखादा हात मारायचा, नाही जमलं तर दम घुमवत तीस सेकंद काढून परत यायचा. मध्यंतराला त्याचा संघ एका गुणाने पुढे होता.

उत्तरार्ध सुरू होताना मेन रेडर आला. पाठीवर सॅक, सॅकला बाहेरून बांधलेले सेफ्टी शूज. दोन मिनिटं पाय मोकळे केले आणि बदली गडी म्हणून आत गेला. पहिल्या दोन चढाया कोऱ्या गेल्या, तिसऱ्या चढाईत डाव्या कोपऱ्याने घोटा धरला. नंतर त्याने गुण घेतले, बऱ्यापैकी घेतले, पण सामना तीन गुणांनी गेला.

माझ्या मागे दोन जुने गडी बसले होते. एक म्हणाला, “आला नसता तर जिंकले असते.” दुसरा म्हणाला, “आला नसता तर दहाने गेले असते.”

या प्रश्नावर गेल्या दहा-बारा वर्षांत कबड्डीच्या वर्तुळात जे बोललं गेलं ते साधारण या दोन वाक्यांभोवतीच फिरत आलं आहे. मुख्य चढाईपटू बदलला, मग तो दुखापतीने असो, लिलावाने असो की बसने, तर संघाच्या आक्रमणाचं काय होतं? प्रो कबड्डी लीगमुळे या वादाला आकडे मिळाले. आकड्यांनी वाद मिटला मात्र नाही.

प्रश्न नेमका कशाबद्दल आहे

आधी शब्दांचं. वर्तमानपत्रांत ‘चढाईपटू’ छापतात, मैदानावर ‘रेडर’ म्हणतात. इथे दोन्ही येतील. सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, चढाई तीस सेकंदांची. म्हणजे दोन्ही संघांच्या मिळून साधारण ऐंशी चढाया आणि एका संघाच्या वाट्याला चाळीसच्या आसपास. त्यातल्या निम्म्या एकाच माणसाने केल्या तर त्याच्या पायांवर संघ उभा असतो, असं म्हणायला हरकत नाही.

पण कबड्डीत एक गोष्ट आहे जी क्रिकेटमध्ये किंवा फुटबॉलमध्ये नाही. मेन रेडर बाद होतो आणि बाहेर जाऊन बसतो; संघाने समोरचा गडी बाद केला की परत येतो. एका सामन्यात हे तीन-चार वेळा सहज होतं. आपल्या प्रत्येक संघाला प्रत्येक सामन्यात मुख्य चढाईपटूविना खेळावंच लागतं, फक्त ती टप्प्याटप्प्याने येणारी दोन-दोन, चार-चार मिनिटं असतात.

त्या मिनिटांत सेकंड रेडरचं काम काय? गुणफलकावर भर घालणं हे उत्तर अपुरं आहे. बोनसने गुण मिळतो, पण बाहेर बसलेला गडी उठत नाही. गडी उठवायचा तर कोणाला तरी हात लावून यावं लागतं किंवा बचावाने पकड करावी लागते. त्यामुळे तीन बोनस घेणारा सेकंड रेडर आकड्यांत चांगला दिसतो आणि मेन रेडर मात्र बाकावर नखं कुरतडत बसतो. एकच गडी मारणारा सेकंड रेडर कागदावर किरकोळ, पण सामना त्याच्यामुळे फिरतो. पुढच्या सगळ्या मतांकडे बघताना हा फरक मनात ठेवलेला बरा, असं मला वाटतं. बहुतेक चर्चांत तो सुटतो.

माती, मॅट आणि तिसरी चढाई

कबड्डीचे नियम घडवण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. हुतुतूच्या नियमांची सुरुवातीची जुळणी पुण्यात डेक्कन जिमखान्यावर झाली, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे या खेळाचं प्रात्यक्षिक केलं. पुढे शंकरराव तथा बुवा साळवींनी खेळाला संघटनेचा कणा दिला. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आजही कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

जुन्या काळी संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार खेळले जात. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातला फरक मोलाचा आहे. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत परत येत नसे, म्हणजे मेन रेडर एकदा गेला की गेला. अमरमध्ये बाद झालेला गडी आतच राही, फक्त गुण मोजला जाई. मेन रेडर कधीच हातचा जात नसे. टिकली ती संजीवनी, आणि गडी मारून गडी उठवण्याचा हिशेब तिच्याबरोबर आला. आजचा वाद हा एका अर्थी संजीवनी पद्धतीचाच वाद आहे.

दुसरा बदल अलीकडचा. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण घ्यायलाच हवा, नाहीतर चढाईपटू बाद, हा नियम घराघरांत पोहोचला. त्याआधी आघाडीवर असलेला संघ मेन रेडरला जपू शकत होता. दुसरा कोणीतरी जाऊन दम घुमवून परत यायचा, वेळ जायचा. तिसऱ्या चढाईच्या सक्तीने ही पळवाट बंद केली. या चढाईसाठी मेन रेडर ठेवायचा की पहिल्या दोन चढाया त्याला देऊन तिसरीला खास माणूस पाठवायचा, हा नवा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षकापुढे आला. या तिसऱ्या, म्हणजे ‘डू ऑर डाय’ चढाईचा खास रेडर अशी जागाच संघात तयार झाली.

तिसरं म्हणजे लिलाव. कंपनीच्या संघांत, महिंद्र असो, एअर इंडिया असो की भारत पेट्रोलियम, गडी नोकरीला लागायचा आणि वर्षानुवर्षं त्याच साथीदारांबरोबर खेळायचा. लिलावात दर काही पर्वांनी संघ फुटतो. मेन रेडर बदलणं हा अपघात राहिला नाही, वेळापत्रकाचाच भाग झाला, आणि तुलना करायला उदाहरणं मिळू लागली.

पहिलं मत: खांब काढला की तंबू बसतो

या बाजूचं सगळ्यात जड उदाहरण तेलुगू टायटन्सचं. आठव्या पर्वात त्यांचा मेन रेडर सिद्धार्थ देसाई सुरुवातीच्या काही सामन्यांनंतर दुखापतीने बाहेर पडला. टायटन्सनी त्या पर्वात बावीस सामन्यांतला फक्त एक जिंकला. चढाईला माणसं नव्हती असं नाही. रोहित कुमारसारखा अनुभवी गडी संघात होता. पण तिसरी चढाई आली की कोणी जायचं, यावर संघ चाचपडत असे.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. नवव्या पर्वात पुणेरी पलटण पहिल्यांदा अंतिम फेरीत गेली. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे ज्यांच्या जोरावर तिथवर आली, ते दोघेही दुखापतीमुळे शेवटच्या टप्प्यात नव्हते. उपांत्य सामना पंकज मोहितेने काढला, तमिळ थलायवाजवर ३९-३७ असा. पण १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत जयपूर पिंक पँथर्सने अंतिम सामना ३३-२९ ने घेतला. चार गुण म्हणजे एक लोण आणि वर दोन चढाया. अस्लम असता तर, हे वाक्य त्यानंतर पिंपरीपासून रावेतपर्यंत किती चहांबरोबर प्यायलं गेलं असेल!

तिसरं, अकरावं पर्व. गतविजेती पलटण उतरली. अस्लम, जो आता कर्णधार होता, पर्वाच्या पूर्वार्धातच जायबंदी झाला. कर्णधारपद आकाश शिंदेकडे आलं. आणि संघ पहिल्या सहातही पोहोचला नाही. त्या वर्षीचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीत झाला. काळेवाडी फाट्यावरून वाकडमार्गे जवळच. आपल्या अंगणात मांडव, आणि नवरदेव हरियाणा-पाटण्याचे.

या मताची माणसं आकड्यांपलीकडचंही एक कारण देतात, आणि ते दुर्लक्ष करण्याजोगं नाही. मेन रेडर मॅटवर असला की समोरचा बचाव मागे सरकतो. कॉर्नर निदानरेषेपाशी लवकर पाय टाकत नाही, कव्हर साखळी सोडत नाही. या धास्तीचा फायदा सेकंड रेडरला मिळतो. धास्तीच गेली की सेकंड रेडरचेही गुण आटतात. म्हणजे नुकसान एका माणसाच्या गुणांएवढं नसतं, त्याहून जास्त असतं.

दुसरं मत: वाटून घेतलेली चढाई

आता त्याच सिद्धार्थ देसाईची आधीची गोष्ट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला हा उंच, दणकट गडी सहाव्या पर्वात यू मुंबाकडून पहिल्यांदा खेळला आणि चढाईत २१८ गुण घेऊन गेला. अनुप कुमार गेल्यानंतर मुंबईला नवा खांब मिळाला असं सगळ्यांनी धरलं. संघ बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात यूपी योद्धाकडून ३४-२९ ने हरला. पुढच्या लिलावात टायटन्सनी सिद्धार्थला १ कोटी ४५ लाखांना नेलं.

सातव्या पर्वात काय झालं? सिद्धार्थने टायटन्सकडून २१७ गुण घेतले, म्हणजे एकाने कमी. टायटन्स बारा संघांत अकरावे आले. आणि सिद्धार्थविना यू मुंबा? अभिषेक सिंहकडे मुख्य चढाई, सोबतीला नवखा अर्जुन देशवाल, मागे फजल अत्राचलीचा बचाव. संघ उपांत्य फेरीत गेला आणि बंगाल वॉरियर्सकडून ३७-३५ असा दोनच गुणांनी हरला. माणूस तोच, त्याचे गुण जवळपास तेच, पण एक संघ त्याच्याविना पुढे सरकला आणि दुसरा त्याच्यासकट तळाला. पुढे हाच टायटन्स संघ त्याच्याविना कोसळला, हे वर आलंच आहे. एकाच गड्याच्या हिशेबात दोन्ही मतांना पुरावा सापडतो, म्हणून हे उदाहरण मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

पाटणा पायरेट्सचं उदाहरण आणखी मोठं. परदीप नरवालच्या डुबकीवर त्यांनी तिसरं, चौथं आणि पाचवं अशी सलग तीन पर्वं जिंकली; पाचव्यात एकट्या परदीपचे चढाईचे ३६९ गुण होते. सातव्यातही त्याने ३०२ घेतले, पण संघ बाद फेरीत गेला नाही. सहाव्यातही गेला नव्हता. आठव्या पर्वाच्या लिलावात यूपी योद्धाने परदीपला १ कोटी ६५ लाखांना घेतलं. पाटण्याने त्याच्या जागी दुसरा परदीप आणला नाही. सचिन तंवर, मोनू गोयत, प्रशांत राय, गुमान सिंह यांच्यात चढाई वाटून दिली. प्रशिक्षक राम मेहर सिंह यांच्या हाताखालचा तो संघ साखळीत पहिला आला आणि अंतिम सामना दबंग दिल्लीकडून ३७-३६ असा एका गुणाने हरला.

या बाजूचं स्पष्टीकरण असं: एक मेन रेडर असला की प्रतिस्पर्धी त्याचे व्हिडिओ बघतो, त्याच्या आवडत्या बाजूचा कॉर्नर तयार करतो, आणि सात जणांचा बचाव एका माणसासाठी जागतो. चार रेडर असले की कोणाची तयारी करायची? शिवाय डावा-उजवा फरक येतो. उजवा रेडर परतला की डावा जातो, बचावाला दर वेळी अंग वळवावं लागतं. दहाव्या पर्वात विजेती झालेली पुणेरी पलटण याच वळणाची होती. अस्लम, मोहित, पंकज, आकाश अशी चढाई होती आणि कोणाही एकाच्या नावावर दोनशे गुण नव्हते. तरी संघ साखळीत ९६ गुणांसह पहिला.

वाटून देणं हा मंत्र मात्र नाही. सातव्या पर्वात तमिळ थलायवाजकडे अजय ठाकूर आणि राहुल चौधरी दोघेही होते आणि संघ शेवटचा आला. दोन मेन रेडर एका मॅटवर ठेवणं आणि चार जणांत चढाई वाटणं यात फरक आहे.

या दोन मतांच्या मधे एक तिसरी शक्यता आहे आणि तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. खांब गेला, वाटणीही झाली नाही, पण संघातूनच नवा खांब उभा राहिला. नवव्या पर्वात थलायवाजनी पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि तो पहिल्याच सामन्यात गुडघा धरून बाहेर गेला. नवखा नरेंदर आत आला आणि पर्वअखेर त्याच्या नावावर चढाईचे २४३ गुण होते. संघ उपांत्य फेरीत. दहाव्या पर्वात दिल्लीचा नवीन कुमार लवकरच दुखापतीने गेला आणि आशू मलिकने २७६ गुणांसह त्या पर्वात चढाईचा पहिला क्रमांक घेतला. हे दोघे आधी कुठे होते? मेन रेडरच्या सावलीत, आपली पाळी बघत. मेन रेडर असताना त्यांना इतक्या चढाया मिळाल्या नसत्या, हे उघड आहे. मेन रेडर असण्याची ही एक किंमत, जी गुणतालिकेत कधीच दिसत नाही.

मधे उभा असलेला बचाव

चढाईबद्दल इतकं बोलून झाल्यावर जाणकार प्रशिक्षक हमखास एक प्रश्न टाकतात: बचाव कुणाचा होता?

अकराव्या पर्वातली पलटण परत घ्या. अस्लम गेला हे खरं. पण त्याच्याआधी, लिलावातच, मोहम्मदरझा शादलुई गेला होता. दहाव्या पर्वात पुण्याने त्याला २ कोटी ३५ लाखांना आणलं आणि तो त्या पर्वाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. १ मार्च २०२४ ला हैदराबादला झालेला अंतिम सामना पुण्याने हरियाणा स्टीलर्सविरुद्ध २८-२५ असा जिंकला. इतक्या कमी गुणांचा सामना म्हणजे बचावाचा सामना. त्यात पंकज मोहितेची चार गुणांची एक चढाई निर्णायक ठरली. पुढच्या लिलावात हरियाणाने शादलुईला २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि त्याच पर्वात हरियाणा विजेते झाले, अंतिम सामन्यात पाटण्यावर ३२-२३.

मग पुण्याची घसरण अस्लमची की शादलुईची? दोन्ही गोष्टी एकाच पर्वात घडल्या, त्यामुळे एकीचं वजन दुसरीपासून वेगळं काढता येत नाही. पाटण्याच्या आठव्या पर्वाचंही असंच आहे: परदीप गेला त्याच वर्षी शादलुई आला. सातव्या पर्वातल्या मुंबईकडे फजल आणि सुरिंदर होते. वाटलेली चढाई यशस्वी झालेली बहुतेक उदाहरणं चांगल्या बचावाची आहेत, आणि याचं कारण संजीवनीच्या हिशेबात आहे. बचाव पकडी करत राहिला की बाद झालेले रेडर भराभर उठतात. चार मध्यम रेडर सतत मॅटवर राहिले तर एका मोठ्या रेडरची उणीव झाकते. बचाव ढिला असला की तेच चार रेडर रांगेने बाकावर बसतात आणि मग प्रत्येकाला खांबाची आठवण येते. टायटन्सची आठव्या पर्वातली अवस्था याच जातीची होती, असं माझं वाचन आहे. मात्र चढाई थांबली म्हणून बचावावर ताण आला, की बचाव फुटला म्हणून चढाई थांबली, यावर सामने पाहिलेल्या माणसांतही एकमत नाही.

आकड्यांची लांबी-रुंदी

संख्याशास्त्राच्या माणसांची या सगळ्या वादावर एक थंड टिप्पणी असते. मेन रेडर बदलला जातो तो कधी? बहुतेक वेळा संघ वाईट खेळत असताना. वाईट काळानंतर सरासरीकडे परत येणं हे कोणताही बदल न करतासुद्धा घडतं. पाच सामने हरलेला संघ सहावा जिंकला की श्रेय नव्या रेडरला जातं. परीक्षेत एकदा फारच कमी मार्क पडलेला मुलगा पुढच्या वेळी क्लास न लावताही थोडा वर येतो, तसंच हे.

उलट बाजूही आहे. दुखापतीने झालेले बदल यातून बरेच सुटतात, कारण दुखापत संघाचा फॉर्म बघून येत नाही. म्हणून अस्लम, पवन, नवीन, सिद्धार्थ यांची उदाहरणं लिलावातल्या बदलांपेक्षा जास्त भरवशाची धरायला हवीत. पण ती किती? बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातही दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या. अर्थात दुखापतीही पूर्ण आंधळ्या नसतात. ज्याच्यावर चढायांचा भार जास्त त्याचाच गुडघा आधी बोलतो.

मोजमापाचीही अडचण आहे. गुणपत्रकात चढाईचे गुण, सुपर टेन, अव्वल चढाया सगळं असतं. शेवटच्या तीन मिनिटांत दोन गुणांची आघाडी धरून तीस सेकंद पुरेपूर वापरून परतलेल्या रेडरला मात्र शून्य मिळतं. ते शून्य कधीकधी सामन्यातली सर्वात महाग चढाई असते.

अमेरिकेतला क्वार्टरबॅक

हाच वाद अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलवर होतो, आणि तिथे तो जवळजवळ ऋतूसारखा दरवर्षी येतो. त्यांच्या खेळात क्वार्टरबॅक जवळजवळ प्रत्येक चालीला चेंडू हातात घेतो आणि पास द्यायचा, दुसऱ्याकडे सोपवायचा की स्वतः पळायचं हे ठरवतो. त्याच्याकडे आपल्या मेन रेडरपेक्षाही जास्त सूत्रं असतात.

जानेवारी २०१८ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यात अलाबामा विद्यापीठ मध्यंतराला जॉर्जियाविरुद्ध ०-१३ मागे होतं. प्रशिक्षक निक सेबन यांनी जेलन हर्ट्सला बसवून नवख्या तुआ टागोवायलोआला उतरवलं आणि संघ जादा वेळेत २६-२३ जिंकला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विभागीय अजिंक्यपदाच्या सामन्यात तुआ जायबंदी झाला आणि बाकावरून उठलेल्या हर्ट्सने त्याच जॉर्जियाविरुद्ध ३५-२८ असा विजय आणला. त्याआधी, २०१४ च्या मोसमात ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक मोसमाआधीच गेला, दुसरा साखळीच्या शेवटच्या सामन्यात गेला, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या कार्डेल जोन्सने विस्कॉन्सिनवर ५९-०, अलाबामावर ४२-३५ आणि ओरेगनवर ४२-२० असे तीन सामने जिंकत राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

ही उदाहरणं ‘माणूस बदलला तरी चालतं’ म्हणून सांगितली जातात. पण ही देशातली सगळ्यात श्रीमंत भरतीची विद्यापीठं आहेत. त्यांचा तिसरा गडी इतरांच्या पहिल्याच्या तोडीचा असतो. शिवाय क्वार्टरबॅकपुढे त्याला राखणारी पाच जणांची फळी तीच राहते. त्या फळीचं आपल्याकडचं नाव शोधायचं तर पुन्हा बचावाशीच यावं लागतं, कारण आपला रेडर समोर जातो तेव्हा एकटाच असतो. त्याला राखणारं कोणी बरोबर नसतं, फक्त परत उठवणारं कोणी मागे असतं. ही तुलना म्हणूनच एका मर्यादेपर्यंतच नेता येते.

काय उरलं आहे

उरलेल्या प्रश्नांत वेळेचा प्रश्न पहिला. लिलावात झालेल्या बदलाला संघाला तयारीचे महिने मिळतात, पर्वामधल्या दुखापतीला दोन दिवस, आणि काळेवाडीसारख्या स्पर्धेत मध्यंतराची पाच मिनिटं. तिन्हींना आपण ‘मेन रेडर बदलला’ असंच म्हणतो. नव्या रेडरचा पहिल्या काही सामन्यांतला लाभ किती त्याच्या कौशल्याचा आणि किती प्रतिस्पर्ध्यांनी त्याला बघितलेलं नसल्याचा, हाही हिशेब लागलेला नाही. कर्णधारपदाचं तर कोणी फारसं मोजतच नाही. अस्लमच्या जाण्याने पुण्याचा रेडर गेला, तसाच मॅटवर आवाज देणारा माणूसही गेला. बाराव्या पर्वात पलटण पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचली, आदित्य शिंदेसारखा तरुण चढाईपटू पुढे आला आणि दिल्लीने ३१-२८ ने हरवलं. त्यातून कोणत्या मताला बळ मिळालं यावरही आपल्याकडे दोन तट आहेत.

आणि वरच्या पातळीवरचं खाली कितपत लागू पडतं? काळेवाडी-चाकणच्या या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या संघांची चढाई पाळ्यांवर चालते. मेन रेडर आठवडाभर दुसऱ्या पाळीला असला की सरावाला येत नाही. रविवारी सामन्याला मात्र पहिली चढाई त्याचीच. उरलेल्या दिवसांत पोरं त्याच्याविनाच खेळायला शिकलेली असतात. लीगच्या प्रशिक्षकांना जे मुद्दाम घडवून आणावं लागतं ते इथे पाळीचा तक्ता घडवून आणतो, फक्त त्याचा उपयोग क्वचितच कोणी करतो.

एक प्रशिक्षक करतात. थेरगावच्या बाजूला पोरांना शिकवतात, स्वतः कारखान्यातून निवृत्त. त्यांच्याकडे दोनशे पानी वही आहे. प्रत्येक सामन्याला एक पान, पानावर इतर रकान्यांबरोबर एक रकाना ‘मेन बाहेर’. मेन रेडर बाकावर असताना आपल्या चढाया किती झाल्या, त्यात गडी किती मारले, बोनस किती, पकडी किती, आणि कितव्या चढाईला तो उठला. गुण किती झाले हे त्या रकान्यात नाहीच. “ते फळ्यावर असतंय की,” म्हणाले.

त्या बसवाल्या सामन्याचं पान मी उघडून पाहिलं. बाकी सगळं भरलेलं होतं. ‘मेन बाहेर’चा रकाना मात्र पेन्सिलने दोनदा लिहून दोनदा खोडलेला. पहिल्या डावात मेन बाहेर होता असं लिहायचं, की त्या डावापुरता मेन तो पोरगाच होता असं धरायचं, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही.